डावा कान

देवानंद पाणी विचारून पितो, हे सुमित्राबाईंना खपत नव्हतं. स्वतःच्या मायचं घर. ज्या माठाला लहानपणी तोंड लावून अर्धं पाणी छातीवर सांडत प्यायचा, तोच माठ. आणि आता हा पन्नाशीकडे झुकलेला माणूस त्या माठापाशी हात मागे बांधून उभा राहायचा आणि विचारायचा, "माय, पानी घेऊ जी?" घे म्हटलं की प्यायचा, पेला विसळून पालथा घालायचा, आणि दारापुढच्या छपरीत आपल्या वळकटीपाशी जाऊन बसायचा. वळकटी अशी घट्ट बांधलेली, की आत्ता कोणी तपासायला येणार आहे. एकदा बाई मुद्दामच बोलल्या नाहीत. मांडीवर विड्यांचं सूप होतं, पानात तंबाखू भरून बोटांनी वळत राहिल्या, पण नजर वर केली नाही. देवानंद उभाच राहिला. बाहेर मालगाडी आली, डबा डबा करत लांबली, संपली. तरी हा उभाच. शेवटी बाईच म्हणाल्या, "पी ना बापा. पान्याले का साहेबाची सही लागते?" त्यावर तो हसलाही नाही. "हो जी," म्हणाला. पूर्वी हा कोणालाही जी म्हणत नव्हता, बापालाही नाही. बाई शेजारणीजवळ म्हणाल्या होत्या, "म्या जेलात पोरगा धाडला होता, थ्याईनं पाहुना वापस केला." शेजारीण म्हणाली, "सुधरला वो माय, तुमचं नशीब." सुधरला. हा शब्द गोंदियाच्या त्या मोहल्ल्यात सध्या पानठेल्यापासून विहारापर्यंत फिरत होता, आणि फिरत फिरत रोज बाईंच्या दारात येऊन बसत होता.

परवा सकाळी ताट पडलं. एवढंच झालं. सून अल्का स्वयंपाकघरात मांडणीवर भांडी लावत होती, तिच्या हातून स्टीलचं ताट सुटलं आणि फरशीवर गरागरा फिरत झणझणत राहिलं. बाई मधल्या खोलीत बसल्या होत्या. तिथून डावीकडे छपरी दिसते, उजवीकडे स्वयंपाकघर. त्यांनी दोन्हीकडे एकाच नजरेत पाहिलं, आणि पाहिलं ते मग डोळ्यांतून गेलं नाही. छपरीत देवानंद ताडकन उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला होता, मान खाली, हात मागे, मोजून घ्यायला तयार असल्यासारखा. आणि स्वयंपाकघरात अल्कानं कोपर वर करून डावा कान झाकला होता. ताट थांबलं. दोघांनीही आपापले हात खाली घेतले. दोघांनीही एकमेकांना पाहिलं नाही. अल्का ताट उचलून पुसू लागली, देवानंद बसला, आणि बाईंच्या बोटांतली विडी मात्र वळता वळता फाटली. विडी फाटणं त्यांच्या हातून होत नसे. इतक्या वर्षांत कारखान्याच्या चेकरनं त्यांची एक विडी खराब म्हणून बाजूला काढली असं कोणी सांगावं.

त्या ताटाचा आवाज डोक्यात घेऊनच त्या दिवसभर बसल्या. एकाला जेलनं उभं राहायला शिकवलं. दुसरीला कान झाकायला त्यानं शिकवलं. एकाची शिकवणी संपली, त्याला वर कागद मिळाला की वागणूक चांगली होती. दुसरीची अजून चालूच होती, आणि तिला कागद देणारं कोणी नव्हतं. बाईंना लिहिता येत नव्हतं. सही येत होती, तीही कोर्टात अंगठा देण्याची लाज वाटली म्हणून शिकलेली. पण असा हिशेब त्यांना कागदाशिवाय जमत असे आणि एकदा जमला की कोणी खोडून दाखवू शकत नसे.

तसा देवानंद जेलातून पहिल्यांदा आला नव्हता. पहिल्या वेळी तो पोरगाच होता. तिरोड्याला ठेकेदाराकडे कामाला असताना सोबतच्या मजुराचा जबडा त्यानं फोडला, का तर त्यानं डब्यातली भाजी विचारल्याशिवाय घेतली. तेव्हा काही महिने आत राहून आला, आणि आला तो असाच. मऊ. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. उठून अंगण झाडायचा. बाप सेवकराम तेव्हा होता, तो खूश झाला. ज्या सेवकरामनं त्याला लहानपणी पट्ट्यानं झोडलं तोच म्हणाला, "पाह्य, आपल्याच्यानं झालं नाही थे सरकारनं केलं." त्या मऊपणाची खबर देवरीपर्यंत गेली. अल्काचा बाप मुलगा पाहायला आला, देवानंदनं त्याच्या पायाशी पाण्याचा तांब्या ठेवला, मान वर केली नाही. म्हातारा विरघळला. एवढा नरम जावई त्याच्या सात खेड्यांत नव्हता. लग्न झालं. बाईंना आठवतं, हळदीच्या अंगानं तो बसला होता आणि मधूनमधून बापाकडे पाहत होता, बरोबर बसलोय ना, असं. बाप मेला, आणि ज्याच्याकडे पाहायचं ते घरातून उठून गेलं. त्यानंतर वर्षही पुरं झालं नसेल.

त्या दिवशीही मालगाडीच जात होती. देवानंद सायकल घेऊन आला, दारातून हाक मारली. अल्का चुलीपाशी होती, गाडीच्या आवाजात तिला हाक पोचली नाही. त्यानं दुसरी हाक मारली. मग त्यानं सायकल स्टँडवर लावली. हे बाई कधीच विसरल्या नाहीत, की त्यानं सायकल फेकली नाही, आपटली नाही. जपून स्टँडवर लावली, हँडल सरळ केलं, आणि मग तिचा पंप काढून आत गेला. कोर्टात वकिलानं विचारलं होतं, "तुम्ही आई आहात ना याच्या?" बाई म्हणाल्या, "हो. मनूनच तर पाहून राहिली होती." कोर्टात कोणीतरी हसलं. वकील म्हणाला, रागाच्या भरात माणसाचं भान जातं. बाई म्हणाल्या, "भान गेलेला मानूस सायकल स्टँडवर लावत नाही, साहेब." यावर हसलं नाही कोणी. देवानंदला सजा लागली. नातेवाइकांत बाईंचं नाव निघालं, सौंदडचा भाऊ वर्षभर बोलला नाही, पोटच्या गोळ्याला आत घातलं म्हणून. बाईंनी अल्काला माहेरी जाऊ दिलं नाही. "हे घर माजं आहे. जाईल तर थो जाईल, तू कायले जातं?" एवढंच म्हणाल्या, आणि तेव्हापासून सासूसून एका चुलीवर आहेत. अल्का पोहा मिलमध्ये जाते. त्या पंपानंतर डाव्या बाजूनं बोललेलं तिला कळत नाही, म्हणून घरातल्यांना, मिलमधल्या बायांना, भाजीवाल्यालासुद्धा तिच्या उजव्या बाजूला येऊन बोलायची सवय झाली आहे. नात समीक्षा नागपूरला नर्सिंग शिकते. तिनं फोनवर सांगून टाकलंय, "आजी, बाबा घरात असतील तर मला दिवाळीला बोलावू नको." बाईंना नातीचा आवाज ऐकून आपलाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं, आणि बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

एकदाच त्या जेलात मुलाखतीला गेल्या होत्या. जाळीपलीकडे देवानंद उभा, पांढरे कपडे, दाढी केलेली, घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा. शेजारी शिपाई, आणि देवानंदची नजर मायपेक्षा त्याच्यावरच. शिपाई म्हणाला, "अम्मा, आपका लड़का तो एक नंबर है. कभी आवाज ऊँची नहीं करता." बाईंनी मान हलवली. परतीच्या गाडीत खिडकीपाशी बसून त्या विचार करत राहिल्या. जिथं रोज सकाळी कोणी मोजतं, कोणी कुलूप लावतं, कोणी दांडा घेऊन दारात उभं असतं, तिथं हा आवाज कोणावर चढवणार? तिथं चुलीपाशी बसलेली बायको नाही. डब्यातली भाजी घेणारा भोळा सोबती नाही. मग सुधरला म्हणजे काय झालं? उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा कोणी बुडत नाही, म्हणून काय नदी सुधरली म्हणायचं? बाहेर धानाच्या बांध्या मागे पळत होत्या, रोवणीच्या बाया कमरेतून वाकलेल्या, आणि बाईंना आपला विचार आपल्यालाच आवडला नाही. माय असून आपण असा विचार करतो, की माय आहोत म्हणूनच करतो, हे त्यांना कळेना. मुलगा खरंच बदलला असेल तर? बदलत असतील माणसं. आपणच नाही का, पूर्वी नवऱ्यासमोर तोंड उघडत नव्हतो.

आणि खरं सांगायचं तर देवानंद जवळ बसलेला त्यांना आवडत होता. हे त्यांनी कोणाजवळ कबूल केलं नसतं. सकाळी तो त्यांच्या समोर बसून तेंदूची पानं कापून द्यायचा, लहानपणी द्यायचा तशी. शाळेला दांडी मारून तेव्हा तो असाच बसायचा, पानाच्या शिरा कात्रीनं काढत, आणि बाई त्याला गूळ द्यायच्या. आता त्याचे हात जाड झाले होते, नखं कापलेली, पण कात्री धरायची पद्धत तीच, अंगठा थोडा बाहेर. बाईंच्या बोटांना आता गाठी आल्या होत्या, दुपारनंतर विडी नीट वळली जात नसे. कोणीतरी शेजारी बसून पानं कापतंय, बोलत नाही, फक्त कात्रीचा कुरकुर आवाज, आणि पानांचा तो ओलसर वास. म्हातारपण असं जावं असं कोणाला वाटणार नाही? तो आत राहायला आला तर अशा सकाळी मिळतील. तो गेला तर नाही मिळणार. आणि अल्का, जिचं हे खरं सांगायचं काम, ती काही सांगत नव्हती. "तुमी मनाल तसं, आई," एवढंच, आणि तेही उजवा कान पुढं करून.

त्याला घरात घ्यायचा हा प्रश्न भोजराजनं आणला होता. भोजराज म्हणजे विहार समितीचा अध्यक्ष, रेल्वेतून रिटायर झालेला, बोलायला गोड. पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत, संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होतं, आणि यंदा देवानंद रोज येऊन सतरंज्या अंथरायचा, वंदना घ्यायचा. पंचशील त्याला बिनचूक पाठ. पाणातिपाता वेरमणी, जीवाला इजा करणार नाही, असं तो म्हणायचा तेव्हा बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. बाईंना वाटायचं, पाठ तर मलाही आहे. पाठ काय, पोपटालाही होतं. भोजराज घरी येऊन म्हणाला, "माय, आता कितीक दिवस त्याले छपरीत ठेवसाल? समाज पाहून राहिला. पौर्णिमेले खीरदान आहे. सर्वांसमोर त्याले घरात घ्या, आपल्या मोहल्ल्याची शोभा वाढल. तथागतानं तर बोटं तोडून माळ घालनाऱ्या डाकूलेही भिक्खूचं चीवर देल्लं."

"देल्लं ना," बाई म्हणाल्या. "पन चीवर घेऊन थो त्याच गावात भीक मांगाले गेला. लोकाईनं गोटे मारले, डोस्कं फुटलं, पात्र फुटलं. रगत पुसत वापस आला, पन हात उचलला नाही. तुमी वाचता तवा गोट्याचं पान पलटून देता, भोजराज."

भोजराज हसला. "तुमी लयच ध्यान देऊन आयकता, माय."

"मले वाचता येत नाही. मनून पुरं आयकाव लागते."

तरी पौर्णिमेला उत्तर देईन असं बाईंनी कबूल केलं. ही कबुली का दिली, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. कदाचित सकाळच्या कात्रीच्या आवाजामुळं.

पौर्णिमेला विहारासमोर मांडव होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, ऊन लागून डोळे दिपत होते. खिरीच्या गंजापाशी, त्या मोठ्या पातेल्यापाशी, देवानंदला उभं केलं होतं, हातात मोठा डाव. रांग सरकत होती. बाई बायकांत बसल्या होत्या, पण डोळे तिकडेच. ईश्वरदास रांगेत आला. हा जुना दारुडा, सणाच्या दिवशीही सकाळीच लावून येणारा. द्रोण पुढं करून मोठ्यानं म्हणाला, "काऊन गा देवानंदा, अंदर तर रोजच पौर्णिमा राहे मनतेत? बिनपैशाची खीर, बिनबायकोचा मुक्काम!" मागचे हसले. देवानंदनं ईश्वरदासकडे पाहिलंच नाही. आधी त्यानं मान वळवून भोजराजकडे पाहिलं. भोजराजनं डोळे मिटून मान डोलावली, शाब्बास असं. मग देवानंद हसला, आणि ईश्वरदासच्या द्रोणात आणखी एक डाव खीर ओतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोजराजनं माइकवर सांगितलं की याला म्हणतात परिवर्तन, आणि आता आपल्या सुमित्रामायनंही मन मोठं करावं. सगळे वळून बाईंकडे पाहू लागले. बाई उठल्या, साडीचा पदर सारखा केला, म्हणाल्या, "घरची गोष्ट घरी जाऊन सांगते." आणि निघाल्या. लोकांना वाटलं, माय रडवेली झाली. बाई रडवेल्या वगैरे झालेल्या नव्हत्या. त्यांच्या मनात ती मान वळवणं अडकलं होतं. हळदीच्या अंगानं बापाकडे पाहणारा, जाळीपलीकडून शिपायाकडे पाहणारा. विडीचीही अशी लबाडी असते, दोन्ही तोंडांशी तंबाखू ठासून भरायची आणि मधली पोकळ ठेवायची. वरून पाहून कळत नाही, बोटात दाबल्यावर कळते. पण माणसाला कुठं दाबून पाहायचं?

घरी अल्का आधीच पोचली होती. मागच्या मोरीवर खिरीचा रिकामा गंज घासत बसली होती, खाली लागलेली खीर राखेनं खरवडत. बाई मधल्या खोलीत पडदा ओढून साडी बदलू लागल्या. विहारात नेसायची पांढरी साडी त्या घरी आल्याबरोबर घडी करून ठेवत. तेवढ्यात छपरीतून पावलं आली. देवानंद दुसरा गंज घेऊन आला होता, आणि आज, बहुधा माइकवर सांगितलं गेलं म्हणून, उंबऱ्याशी न थांबता आत आला. माय वाटेत शेजारणीकडे थांबली असेल असं त्याला वाटलं असावं. तो मोरीच्या दारात थांबला. अल्काची डावी बाजू त्याच्याकडे होती.

"अल्का," तो म्हणाला.

घासण्याचा आवाज चालू राहिला.

"अल्का, हा गंज कोठी ठेवू?"

आज मालगाडी नव्हती. रूळ रिकामे होते. बाहेर एक कोंबडा माती उकरत होता, तेवढंच. बाईंच्या हातात साडीची घडी तशीच राहिली. पडद्याच्या फटीतून त्यांना त्याची पाठ दिसत होती, आणि पलीकडे अल्काचा वाकलेला खांदा, मागंपुढं होणारा. बाई मनातल्या मनात म्हणाल्या, उजवीकडे जा. दोन पावलं चाल, वळसा घे, उजवीकडे जाऊन बोल. भाजीवाल्याला येतं एवढं. शेजारच्या पोट्ट्यालाही येतं. जा, बापा. जा.

देवानंदनं हातातला गंज खाली ठेवला. जपून ठेवला, आवाज न करता, बूड नीट टेकवून.

"आयकू नाही येत का वो तुले?"

तो आवाज मोठा नव्हता. खालच्या पट्टीतला, एकेक शब्द दाबून बसवलेला. इतकी वर्षं कोणत्या पेटीत ठेवला होता कोण जाणे, चुणीसुद्धा पडली नव्हती त्याला. वळकटीसारखाच जपला होता. बाईंना फक्त फार थकल्यासारखं वाटलं, जसं दिवसभर वळलेला विड्यांचा गठ्ठा चेकरनं एका नजरेत बाजूला टाकावा. त्यांनी पडदा सारला. कड्या वाजल्या.

देवानंद वळला. आणि वळता वळताच त्याचे हात मागे गेले, मान खाली आली, पाठ भिंतीला लागली. एवढ्या चपळाईनं, की मधे माणूस कुठं होता ते दिसलंच नाही. "चुकलं जी, माय," तो म्हणाला. "चुकलं. आता नाही होत."

अल्काला काही कळलं नव्हतं. ती गंज घासत होती. मग भिंतीवर सावली हलली म्हणून तिनं मागं पाहिलं, दोघांना उभं पाहिलं, आणि तिचं राखेनं भरलेलं कोपर वर उठून कानावर आलं. बाईंनी ते पाहिलं. देवानंदनं पाहिलं नाही, तो मायकडे पाहत होता. बाईंच्या कमरेला घराची चाबी होती. क्षणभर त्यांच्या मनात आलं, ही चाबी काढून अल्काच्या हातात द्यावी. मग त्यांच्या लक्षात आलं की त्यानं काय होईल. उद्यापासून तो अल्काला जी म्हणेल, आणि म्हणेल ते चाबीला. त्यांनी कमरेवरचा हात काढला. पुढं होऊन अल्काच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या, तिला सगळं ऐकू जावं म्हणून, आणि मुलाला म्हणाल्या, आवाज न चढवता, शेजारणीशी बोलावं तशा:

"मले कायले चुकलं मनून राहिला गा, देवानंदा? माजे दोनी कान साबूत आहेत. जिचा तू फोडला तिच्याकडं तं तुनं अजून पाह्यलंसुद्धा नाही. वळकटी उचल, अन् सौंदडले मामाच्या वावरात जाऊन राह्य. भोजराजले मी सांगीन, माइकवरच सांगीन. जेलनं तुले वायट नाही शिकवलं, बापा. चाबी कोनापाशी आहे, एवढं पाहाले शिकवलं. आज थे माज्यापाशी आहे. मी मरन, मंग तू कोनाले भेशील? जिच्या हातात काही नाही, दांडा नाही, चाबी नाही, जिले तुजी हाक बी आयकू येत नाही, तिच्यापुढं ज्या दिवशी तुजी मान अशी आपसूक खाली जाईल, त्या दिवशी ये. त्या दिवशी कोनाले इचारू नको. सिधा आत ये, अन् माठातलं पानी आपल्या हातानं घेऊन पी."